सोलापूरची करडई : एका तेलाची उलटसुलट कीर्ती

गेल्या प्रायश्चित्तकाळात घरभेटींना निघालो असता आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध गृहस्थांच्या घरी आम्ही टेकलो. उमेदीची सारी वर्षे त्यांनी सोलापूरच्या गिरणीत मागावर घालविली. तीन वर्षांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे. चहा येण्यापूर्वीच त्यांनी बायबलच्या पानांत जपून ठेवलेली दोन कात्रणे काढून आमच्या हाती दिली. एकात करडईचे तेल हृदयाला उत्तम, असे ठसठशीत अक्षरांत छापलेले. दुसऱ्यात त्याच तेलाने हृदयरोग्यांचे मृत्यू वाढले, असे तितक्याच ठसठशीत अक्षरांत. "फादर, आता तुम्हीच सांगा, यांतले खरे कोणते?" त्यांनी विचारले, आणि आमच्या उत्तराची वाट न पाहता म्हणाले, "ज्यांना तेलाचा नीट पत्ता नाही, त्यांच्या गोळ्यांवर आम्ही काय म्हणून भरवसा ठेवायचा? मी गोळ्या बंद केल्यात." स्वयंपाकघराच्या दारात त्यांची सूनबाई मान खाली घालून उभी होती. घरात या गोष्टीवरून किती बोलणे झाले असेल, हे तिच्या मुद्रेवरूनच कळत होते.

आमच्या मनाला मात्र आणखी एक गोष्ट बोचली. वीस वर्षांपूर्वी, याच जिल्ह्यातील दुसऱ्या एका गावी तरुण धर्मगुरू म्हणून काम करीत असताना, महिलांच्या मेळाव्यात अशाच एका कात्रणाच्या आधारे आम्ही सांगितले होते की, करडईचे तेल म्हणजे हृदयाचे औषधच. किती घ्यावे, कोणी घ्यावे, कशाच्या ऐवजी घ्यावे, हे आम्हांला कोणी विचारले नाही. आम्हीही सांगितले नाही. पुढे त्याच गावी एका घरी भज्यांचा मोठा घाणा निघालेला पाहून आम्ही थट्टेने काही बोललो, तेव्हा त्या बाई हसून म्हणाल्या, "फादर, करडीचं तेल आहे. तुम्हीच सांगितलं होतं ना!" तेव्हा आम्हीही हसलो. आता हसू येत नाही. म्हणून या एका तेलाची कीर्ती कशी चढली व कशी उतरली, याचा माग काढावा असे ठरविले. त्यातून हाती आले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

करडई आपल्या भागाला परकी नाही. भीमा-सीनेच्या काळ्या जमिनीत रब्बी ज्वारीच्या कडेने करडईच्या ओळी पेरण्याची जुनी चाल. काटेरी झाडांचे ते कुंपणच. गुरे आत शिरत नसत. तिचे सोटमूळ जमिनीत खोल उतरते आणि पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर पीक उभे राहते. एकेकाळी तिचा मान बियांपेक्षा फुलांना अधिक होता. केशरी पाकळ्यांपासून कुसुंबी रंग निघे व त्यात कापड रंगे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारखान्यांतील कृत्रिम रंग आले आणि कुसुंब्याचा तो धंदा बसला. फुलांचा मान गेला, बी मात्र राहिले. सोलापुरास १९३० च्या दशकात कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले. पुढे करडईच्या सुधारित वाणांचे कामही येथेच झाले आणि येथील एका वाणाला आपल्या नदीवरून 'भीमा' हे नाव मिळाले.

घरात कोवळ्या पानांची भाजी होई, घाण्यावर तेल निघे, पेंड गुरांना जाई. या तेलाने हृदय सुधारते असे त्या काळी कोणी म्हणत नव्हते. ते गोडे तेल होते, जवळ मिळत होते आणि परवडत होते, एवढीच त्याची थोरवी. मजुराच्या घरी ते पळीने मोजले जाई. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्यास गेलेल्या कुटुंबांपुढे कोणते तेल चांगले हा प्रश्नच नव्हता. तेल आहे की नाही, हा प्रश्न होता. ही गोष्ट पुढच्या विवेचनासाठी ध्यानात ठेवावी, अशी वाचकांना विनंती आहे.

तेलाविषयीचा पहिला मोठा वाद आपल्याकडे आला तो वनस्पती तुपाच्या रूपाने. पातळ तेलात हायड्रोजन वायू मिसळून ते घट्ट करण्याची युक्ती विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात निघाली. १९३७ साली 'डालडा' बाजारात आला आणि थोड्याच वर्षांत त्याचा पिवळा डबा घरोघर पोहोचला. महात्मा गांधींनी त्यास विरोध केला. स्वातंत्र्यानंतर त्यावर बंदी घालावी, अशी मागणी संसदेपर्यंत गेली. शासनाच्या वतीने प्रयोग झाले. प्राण्यांची वाढ, पचन इत्यादी तपासले गेले. आणि हानी आढळत नाही, असा निर्वाळा मिळाला. बंदी आली नाही.

तो निर्वाळा खोटा होता काय? तसे म्हणता येणार नाही. जे विचारले गेले, त्याचे ते उत्तर होते. तीस वर्षे हे तूप खाणाऱ्या माणसाच्या हृदयाचे काय होते, हा प्रश्न त्या प्रयोगांत नव्हताच. लोकांनी मात्र लहान प्रश्नाचे उत्तर मोठ्या प्रश्नाचे म्हणून ऐकले. १९९० साली नेदरलँड्समधील संशोधकांनी दाखवून दिले की, तेल अर्धवट घट्ट करताना जो 'ट्रान्स फॅट' नावाचा मेद तयार होतो, तो रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढवितो आणि उपकारक कोलेस्टेरॉल घटवितो. त्यानंतर अमेरिकेतील परिचारिकांच्या मोठ्या पाहणीतूनही तीच दिशा दिसली. आपल्या देशात तेले व तूपसदृश मेदांतील ट्रान्स फॅटची मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आणीत १ जानेवारी २०२२ पासून ती २ टक्क्यांवर आणली गेली. पहिल्या डब्यापासून या नियमापर्यंत ८५ वर्षे लोटली.

दरम्यान करडईचे दैव उघडले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत हृदयविकार हा मोठा मारेकरी ठरला. अँसेल कीज या शास्त्रज्ञाने १९५८ साली सात देशांतील आहार व हृदयरोग यांची दीर्घ पाहणी आरंभिली. लोणी, चरबी यांतील संपृक्त मेदाने रक्तातील कोलेस्टेरॉल वाढते आणि त्याच्या जागी असंपृक्त मेदाची तेले घेतल्यास ते उतरते, असे प्रयोगांत दिसत होते. १९६१ साली अमेरिकेच्या हृदयरोग संघटनेने तसा सल्लाही दिला. आता कोणत्या तेलात असंपृक्त मेद अधिक, याचा शोध सुरू झाला. करडईच्या नेहमीच्या तेलात लिनोलेइक आम्ल नावाचा असा मेद शेकडा सत्तरच्या वर असतो; नित्याच्या तेलांत याबाबतीत तिच्या तोडीचे क्वचितच. बांधावरची काटेरी करडई अशा रीतीने एकाएकी जगाच्या नकाशावर आली.

आपल्याकडेही करडईचे तेल सुबक डब्यांतून हृदयाचे तेल म्हणून शहरांत विकले जाऊ लागले. 'सफोला' या नावातच करडईचे इंग्रजी नाव दडलेले आहे. जाहिरातींत काळजीत पडलेली पत्नी आणि चाळिशीतला नवरा दिसू लागला. आमचे ते वीस वर्षांपूर्वीचे कात्रण याच लाटेतले.

पण या कथेची दुसरी बाजू सोलापूरपासून फार दूर, ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात, केव्हाच लिहिली गेली होती. १९६६ ते १९७३ या काळात तेथे ४५८ पुरुषांवर एक प्रयोग झाला. सारे ३० ते ५९ वर्षे वयाचे, आणि सारे नुकतेच हृदयविकाराच्या दुखण्यातून उठलेले. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे त्यांचे दोन गट केले. २२१ जणांनी लोणी व इतर संपृक्त मेदाच्या जागी करडईचे तेल आणि त्यापासून केलेले मार्गारीन घेतले. २३७ जणांचा आहार त्यांच्या इच्छेवर सोडला. करडईच्या गटाचे कोलेस्टेरॉल अपेक्षेप्रमाणे चांगले उतरले. परंतु त्या गटात ३९ जण दगावले आणि दुसऱ्या गटात २८. एकूण मृत्यूंची ही नोंद १९७८ साली प्रसिद्ध झाली. मात्र हृदयविकाराने किती गेले, याचा तपशील तेव्हा छापला गेला नाही. लोकांना सल्ला देण्याच्या धांदलीत त्या नोंदीकडे फारसे कोणी पाहिले नाही. २०१३ साली अमेरिकेतील संशोधकांनी जुनी माहिती पुन्हा मिळवून तपासली, तेव्हा करडईच्या गटात हृदयविकाराचेही मृत्यू अधिक होते, हे उघड झाले. आमच्या वृद्ध मित्राचे दुसरे कात्रण येथून निघालेले आहे.

त्या कात्रणात मृत्यूचा धोका '६२ टक्क्यांनी' वाढल्याचे ठळक छापले आहे. तो आकडा संशोधकांच्या हिशेबातलाच आहे. पण तीच गोष्ट अशीही सांगता येते की, दर शंभरांत एका गटात सुमारे १२ आणि दुसऱ्यात सुमारे १८ जण गेले. दोन्ही विधाने खरी. पहिल्याने छातीत धडकी भरते, दुसऱ्याने माणूस विचार करू लागतो. शिवाय कात्रणात जे नाही, तेही पाहिले पाहिजे. हे सारे पुरुष होते, आधीच रोगी होते. त्यांनी घेतलेले लिनोलेइक आम्लाचे प्रमाण आपल्या घरच्या फोडणीहून पुष्कळच अधिक होते. आणि ते मार्गारीन! त्या काळच्या मार्गारीनमध्ये ट्रान्स फॅट असण्याचा संभव असल्याने, मृत्यू करडईने वाढले की तेल घट्ट करण्याच्या क्रियेने, असा आक्षेप अनेक जाणकारांनी घेतला. म्हणजे डालड्याचा जुना प्रश्न सिडनीच्या प्रयोगातही येऊन बसला.

आज स्थिती अशी आहे. अमेरिकेच्या हृदयरोग संघटनेने २०१७ साली संपृक्त मेदाच्या जागी असंपृक्त मेद घेण्याचा सल्ला कायम ठेवला. २०२० साली अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेणाऱ्या कॉक्रेन मंडळाला असे आढळले की, दोन वर्षे वा अधिक काळ संपृक्त मेद कमी ठेवल्यास हृदय व रक्तवाहिन्यांच्या आघातांचे प्रमाण सुमारे १७ टक्क्यांनी घटते. एकूण मृत्यूंत मात्र फारसा फरक दिसत नाही. लाभ आहे, पण बेताचा, चमत्कार नाही. आणखी एक गंमत म्हणजे, 'करडईचे तेल' हे नाव एक असले तरी तेले आता दोन आहेत. ज्यात लिनोलेइक आम्ल कमी आणि ऑलिव्ह तेलाप्रमाणे ओलेइक आम्ल अधिक, असे करडईचे वाण अमेरिकेत १९६० च्या दशकातच निघाले. एका तेलावरील प्रयोगाची बातमी दुसऱ्या तेलाच्या बाटलीवर चिकटविता येत नाही. पण चिकटविली जाते.

हा सारा इतिहास उलगडताना एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. शास्त्र आपले म्हणणे कधी कधी बदलतेही, पण अनेकदा त्याची अट वाटेत गळून पडते. संशोधक म्हणतो : अमुक माणसांत, अमुक प्रमाणात, अमुक पदार्थाच्या ऐवजी, इतके दिवस घेतले असता, असे दिसले. वार्ताहराकडे येईतो प्रमाण गळते, जाहिरातीत 'ऐवजी' गळतो आणि स्वयंपाकघरात पोहोचते ते एवढेच : करडई चांगली. पुढे दुसरा प्रयोग येतो, त्याच्याही अटी तशाच गळतात आणि ऐकू येते : करडई वाईट. अटी जाग्यावर असत्या तर दोन्ही वाक्ये शेजारी शेजारी सुखाने नांदली असती.

भाकरीचेही असेच झाले. १९६० साली हैदराबादच्या गोपालन व श्रीकंटिया या संशोधकांनी दख्खनमधील ज्वारी खाणाऱ्या गरिबांत आढळणाऱ्या पेलाग्रा रोगाचा संबंध ज्वारीतील ल्यूसीन या घटकाशी जोडला. ही उपपत्ती पुढे वादग्रस्त राहिली. २०२३ साली जगाने भरडधान्यांचे वर्ष साजरे केले आणि तीच ज्वारी बहुगुणी ठरली. ज्याच्या ताटात ज्वारीखेरीज जवळजवळ काहीच नव्हते त्याचा रोग, आणि ज्याच्या ताटात डाळ, भाजी, दूध सारे आहे त्याची भाकरी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आम्ही धर्मगुरूंनी तर हे अधिक ओळखावयास हवे. दानीएलच्या ग्रंथाच्या आरंभीच एक आहाराचा प्रयोग आहे. राजाचे पक्वान्न नाकारणारे चार तरुण कारभाऱ्याला विनवितात की, दहा दिवस आम्हांला भाजीपाला व पाणी द्या आणि मग राजाचे अन्न खाणाऱ्यांशी आमची तुलना करून पाहा. किती जण, किती दिवस, काय खाऊन, कोणाशी ताडून, सारे त्यात स्पष्ट आहे. आणि तरी आम्ही प्रवचनात अनेकदा त्यातून एवढेच उचलतो की, भाजी खाणारा बलवान होतो. त्या तरुणांचा प्रश्न निष्ठेचा होता, हेही मग मागे राहते.

गळलेल्या अटीची किंमत कोणी मोजली? एक, आमच्या शेताने. १९८० च्या दशकाच्या अखेरीस देशात करडई नऊ-दहा लाख हेक्टरांच्या घरात होती. आता ती एक लाखाच्याही खाली आली आहे. करडईचे गुण शहरांत गाजत होते, तेव्हा शेतकरी ती पेरणे सोडून देत होता. काढणीला काटे बोचतात, मावा पडतो, हरभऱ्याला भाव बरा मिळतो. आणि १९९४ पासून पामतेलाची आयात खुली झाल्यावर स्वस्त तेलापुढे तिचा टिकाव लागणे अवघड झाले. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्याचा वाणही काढला. तरी पीक मागे पडले ते पडलेच. आता लाकडी घाण्याचे करडीचे तेल दामदुपटीने विकले जाते आणि त्याच्याभोवतीही औषधी गुणांची नवी कथा गुंफली जात आहे.

दुसरी किंमत आपल्या शरीराने मोजली. कोणतेही तेल घ्या, एका ग्रॅमला नऊ कॅलरी. १९९० च्या दशकाच्या आरंभी आपल्या देशात माणशी वर्षाला सहा किलोंच्या आत तेल लागत असे. आता ते १९-२० किलोंच्या घरात आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा सल्ला सुमारे १२ किलोंचा आहे. कोणते तेल, या वादात किती तेल, हा प्रश्न बुडाला. पूर्वीच्या आजीला सारे ठाऊक होते, असेही आम्ही म्हणणार नाही. तिच्या पळीत शहाणपण होते तसे दारिद्र्यही होते. मात्र तिच्या घरी शेंगदाणा, करडई, तीळ, जवस, कारळ असे सारे थोडे थोडे पोटात जाई. एकाच तेलावर विसंबू नये, हा आजच्या आहारतज्ज्ञांचा सल्ला त्यापासून फार दूर नाही.

तिसरी किंमत सर्वांत मोठी, आणि ती आमच्या वृद्ध मित्राच्या घरी मोजली जात होती. विश्वास तुटला की तो तेलापुरता तुटत नाही. म्हणून आठ दिवसांनी आम्ही पुन्हा त्यांच्याकडे गेलो. दोन्ही कात्रणे समोर ठेवून विचारले, "काका, हे तेल तुम्ही कशाच्या ऐवजी घेता?" ते म्हणाले, "ऐवजी कसलं, फादर? लोणी आम्ही कधी पाहिलं? शेंगदाण्याचं असलं तर ते, करडीचं असलं तर ते." आम्ही म्हणालो, "मग ही दोन्ही कात्रणे तुमच्यासाठी लिहिलेली नाहीत."

मग गोळ्यांची गोष्ट काढली. त्यांची गोळी कोलेस्टेरॉल उतरविणाऱ्या स्टॅटिन या औषधवर्गातली आहे, हे सूनबाईंनी डबी दाखविल्यावर कळले. याच वर्गातील एका औषधाचा प्रयोग उत्तर युरोपातील देशांत झाला व १९९४ साली प्रसिद्ध झाला. आधीच हृदयविकार असलेले ४,४४४ स्त्री-पुरुष, सुमारे पाच वर्षे. नुसती बिनऔषधाची गोळी घेणाऱ्यांत २५६ मृत्यू झाले. औषध घेणाऱ्यांत १८२. तेथे कोलेस्टेरॉल तर उतरलेच, आणि माणसेही वाचली. सिडनीत पहिले झाले, दुसरे झाले नाही. खूण बदलणे आणि प्राण वाचणे यांतला हा भेद आम्ही काकांना समजावून दिला. या प्रयोगातील माणसे रोगाच्या बाबतीत त्यांच्यासारखीच होती, म्हणून तो त्यांच्यासाठी अधिक बोलतो. पुढील प्रयोगांनीही त्यास दुजोराच दिला आहे. शास्त्रातील प्रत्येक गोष्ट सारखीच अनिश्चित नसते. "मी डॉक्टर नाही, गोळी चालू-बंद करणे तुमच्या डॉक्टरांना विचारून करा," एवढे सांगून आम्ही उठलो. दुसऱ्या दिवशी मुलगा त्यांना दवाखान्यात घेऊन गेला आणि गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, असे कळले.

वाचकहो, आपल्याही घरी अशी कात्रणे येतील. ती फाडून टाकू नका आणि डोळे झाकून मानूही नका. हे कोणात दिसले, किती प्रमाणात, कशाच्या ऐवजी, आणि मोजले ते काय, रक्तातील खूण की माणसाचे आयुष्य, एवढे विचारा. सांगणाऱ्याला काही विकावयाचे आहे काय, हेही पाहा. उत्तर मिळाले नाही, तर ते कात्रण अपुरे आहे असे समजा.

आमच्यापुरते एक काम उरले आहे. त्या जुन्या गावच्या धर्मगुरूंना पत्र लिहून पुढील महिला मेळाव्यात दहा मिनिटे मागितली आहेत. भज्यांचा घाणा काढणाऱ्या त्या बाई आता आजी झाल्या असतील. वीस वर्षांपूर्वी त्यांना अर्धेच वाक्य सांगितले होते. उरलेले अर्धे त्यांना सांगून यावयाचे आहे.